तिसरं नको

ठाकुर्लीच्या त्या घराची पायरी मी पहिल्यांदा चढले, तेव्हा बेलला हात लावायच्या आधीच डोक्यावरच्या स्पीकरमधून आवाज आला : "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. डोंबिवलीहून येणारी बदली दारात लागलेली आहे. चपला डाव्या बाजूला काढाव्यात."

मी चपला डाव्या बाजूला काढल्या. त्या सरळ ठेवल्या गेल्या आहेत की नाही हे कुणीतरी आतून बघतंय, अशी माझी खात्री होती, आणि ती खरी निघाली.

"टाचा भिंतीकडे," स्पीकर म्हणाला.

घराचे मालक आयुष्यभर ठाण्याला एसटीच्या खोपट डेपोत कंट्रोलर होते. म्हणजे काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कुठली उशिरा लागेल आणि कुठली आज लागणारच नाही, हे माइकवरून सांगणारा माणूस. निवृत्त झाल्यावर लोक गच्चीत कुंड्या लावतात. यांनी घरात माइक लावला. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी माइक, आणि जिन्यात, पॅसेजमध्ये, दारावर एकेक स्पीकर. घर दुमजली. खाली ते स्वतः राहायचे आणि वरच्या चार खोल्यांत निवास-न्याहारी चालायची. आख्खी गल्ली त्यांना कंट्रोलरकाका म्हणायची. मीही काकाच म्हणायला लागले.

मी तेव्हा नुकतीच नोकरीतून मोकळी झाले होते. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत मी प्रशासन बघायचे. गेस्ट हाउस, कॅन्टीन, चादरी, गीझर, मोठ्या साहेबांचं पथ्य आणि छोट्या साहेबांचे रुसवे. मग कंपनीने कारखाना दुसऱ्या राज्यात हलवला आणि मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. वेळच वेळ असलेल्या बाईला घड्याळ कशाला, हे काही मला कळलं नाही.

घरात बसून मी विचार केला. येऊरच्या पायथ्याशी, बदलापूरला, इकडे ठाकुर्लीला बरीच माणसं घरच्या घरी पाहुणे ठेवतात. त्यांना सगळं मिळतं, रजा मिळत नाही. घरी लग्न निघालं, गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, की एक तर घर बंद करा नाहीतर लग्न तरी बुडवा. अशा घरांना बदली यजमान का मिळू नये? मी माझ्या सवयीप्रमाणे दोन याद्या केल्या. मला येणाऱ्या कामांची यादी लांबलचक झाली, न येणाऱ्यांची अगदी छोटी. त्या छोट्या यादीत एक काम लिहायचं राहून गेलं होतं, पण ते पुढे येईलच.

जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपांवर टाकली. लोकांनी अंगठे पाठवले, फुलं पाठवली, एका मावसबहिणीने हात जोडलेले पाठवले. फोन एकच आला, तो काकांचा. "बदली पाहिजे," ते म्हणाले. डेपोत रजेवरच्या माणसाच्या जागी येतो तो बदली. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी बदलीच झाले. नाव त्यांनी विचारलंच नाही.

मुलाखत त्यांनी ओट्याशी उभ्या उभ्या घेतली. चष्मा कपाळावर, खांद्यावर पंचा, हातात शेंगदाण्यांची वाटी.

"एक प्रश्न. पाहुणा पहाटे निघणार आहे. त्याला बरोबर डबा हवाय का, ते विचारायचं, की द्यायचा?"

"विचारायचं," मी म्हणाले. "उगाच वाया नको जायला."

"नापास."

"बरं," मी म्हणाले आणि पर्स उचलली.

"थांब. दुसरं कुणी आलेलं नाही."

मग त्यांनी अडचण सांगितली. त्यांची एकुलती एक मुलगी नाशिकला. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. काकू गेल्यापासून तिचं एकच टुमणं होतं : घर बंद करा नि माझ्याकडे या. आजूबाजूला चारी बाजूंनी टॉवर उठलेले, मधोमध हे दुमजली घर, आणि बिल्डर तर जिन्यात बसून चहा पिऊन गेलेला. आता नातीचं लग्न निघालं होतं. देवक बसण्याच्या आधीपासून सत्यनारायण होईपर्यंत काकांनी नाशिकला राहिलं पाहिजे, असं मुलीचं म्हणणं. त्यावर बापलेकीत करार झाला. तेवढे दिवस घर काकांवाचून नीट चाललं, तर ती पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही चाललं, एका जरी पाहुण्याची तक्रार आली, तर दाराला कुलूप, आणि काका कायमचे नाशिकला.

"म्हणजे सगळं माझ्यावर," मी म्हणाले.

"म्हणून तर रडू येतंय," काका म्हणाले आणि शेंगदाणे पुढे केले.

पुढचा आठवडाभर त्यांनी मला तयार केलं. खरं तर मी त्यांना तयार करत होते, पण त्यांना तसं वाटू दिलं नाही.

वरच्या चार खोल्यांना आकडे नव्हते, गावं होती. दापोली, गुहागर, शेगाव, अक्कलकोट. दापोलीला वारा यायचा. अक्कलकोट देवघराच्या बरोबर वर. शेगावला पाणी उशिरा पोचायचं. आणि गुहागर पॅसेजच्या पार शेवटी, "कारण गुहागर कधी लवकर येतं का?" दुपारी जी खोली रिकामी असेल तिथे काका स्वतः झोपायचे, गादीची तपासणी म्हणून. "आज मी शेगावला आहे," असं सांगून वर जायचे, ते चहाच्या वेळेलाच उतरायचे.

सकाळची घोषणा हा त्यांच्या दिवसाचा उत्कर्ष असायचा. "न्याहारी लागलेली आहे. अक्कलकोटचे प्रवासी उतरलेले आहेत. दापोलीचे प्रवासी अजून झोपेत आहेत, त्यांच्यासाठी गाडी थांबणार नाही." कुणी चिडायचं, कुणी व्हिडिओ काढायचं. इंटरनेटवर एका पाहुण्याने लिहिलं होतं, "घर छान आहे, पण घर बोलतं." ते वाक्य काकांनी मला मोठ्याने वाचायला लावलं, मग पुन्हा एकदा, जरा सावकाश.

या गावांमुळे एकदा एका बिचाऱ्याचा संसार हलला होता. नागपूरचे दोन हिशेब तपासनीस कारखान्याच्या कामाला आले होते, दोघं मिळून गुहागरमध्ये. त्यातला एक बायकोशी फोनवर बोलत होता, "अगं, ठाण्याजवळच आहे मी," आणि नेमका डोक्यावरचा स्पीकर गरजला : "गुहागरला दोन चहा!" पुढचं बोलणं फार वेळ चाललं. शेवटी काकांनी फोन स्वतःच्या हातात घेतला आणि वहिनींना माइकवरच्या आवाजात आश्वासन दिलं की, दुसरा चहा मिशीवाल्याचा आहे.

पाहुणे यायचे कुठून, हा प्रश्न मलाही पडला होता. ठाकुर्लीला पर्यटनाला कोण येणार? काकांचं उत्तर तयार होतं. "डोंबिवलीच्या घरात माणूस मावतो, त्याचा पाहुणा मावत नाही. तो उरलेला पाहुणा म्हणजे आपला धंदा." लग्नाचे, बारशाचे, परीक्षेचे, इस्पितळात कुणाला ठेवलं म्हणून आलेले. आणि पाठवणारे नातेवाईक हमखास सांगायचे, "आमच्याकडेच उतरवलं असतं हो, पण यांना घोरायची सवय आहे."

माझ्या परीने मी घराला शिस्त लावायला गेले. आदल्या संध्याकाळी प्रत्येक खोलीत एक चिठ्ठी : सकाळी पोहे की उपमा, किती, चहा की कॉफी, साखर किती. काकांनी चिठ्ठी चष्म्याच्या वरून वाचली.

"पोटाला आदल्या दिवशी काय ठाऊक?"

"वाया जात नाही काका. अंदाज येतो."

"आणि माणूस यावर काय लिहील? 'एक बशी पुरे.' पहिल्या भेटीत कुणी 'दोन बशा' लिहून देईल का? कोऱ्या कागदावर? सहीनिशी?"

सूचनांचा एक कागद मी लॅमिनेट करून आणला होता. दुसऱ्या दिवशी तो दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून सापडला. "चांगला आहे," काका म्हणाले. "वाफ धरतो."

मग त्यांनी मला शास्त्र सांगितलं. शास्त्र काकूंचं होतं, हे त्यांनी आधीच कबूल केलं. "माइक माझा, शास्त्र तिचं."

"पाहुणा तीनदा नको म्हणतो," ते म्हणाले. "पहिलं नको संस्कारांचं. आईने लहानपणी चिमटा काढून शिकवलेलं. ते मोजायचंच नाही. दुसरं नको बायकोच्या धाकाचं, नाहीतर डॉक्टरच्या. तेही सोडून द्यायचं. तिसरं नको पोटाचं. पण तेही तोंडाने ऐकायचं नाही. हाताकडे बघायचं. हात बशीवर आडवा आला तर ते नको खरं. हात नाही आला, तर वाढायचं."

"आणि ज्याला खरंच पहिल्यांदाच नको असेल, तो?"

"तो हात आडवा घालेल ना! देवाने हात दिलेत कशाला?"

शास्त्राला अपवाद असतो, हे मी तिसऱ्याच दिवशी पाहिलं. कोइमतूरचा एक तरुण इंजिनियर मशीन बसवायला आला होता. काकांनी त्याला पोहे वाढले. पुन्हा वाढायला गेले. तो घाईघाईने म्हणाला, "नो, नो, नो!" काकांनी वाढले. तो बिचारा सभ्य घरातला, ताटात पडलेलं खाल्लं. पुन्हा कढई. "नो, नो, नो!" पुन्हा वाढले.

मी काकांना ओट्याशी गाठलं. "काका, तीनदा म्हणाला की तो!"

"एका दमात म्हटलेले तीन म्हणजे एकच," काका म्हणाले. "मध्ये श्वास पाहिजे. विचार पाहिजे. नाहीतर काय, गाडीचा हॉर्न कुणीही वाजवेल."

दुसऱ्या दिवशी न्याहारी लागल्याची घोषणा झाली, तेव्हा इंजिनियर मागच्या दाराने, बूट हातात घेऊन निघून जाताना मला दिसला. मी बाजूला झाले. त्याने बोटाने 'गप्प' अशी खूण केली. काकांना मात्र आठवडाभर वाटत राहिलं की मद्रासकडच्या माणसांचा उपास बुधवारी असतो.

जायच्या दिवशी काकांनी स्वतःच्या निघण्याची घोषणा स्वतःच केली, आणि मग माइक वायरीसकट गुंडाळून पिशवीत घातला.

"माइक का नेताय?"

"माइक ड्यूटीवरच्या माणसाचा. बदली अजून शिकाऊ आहे."

रिक्षात बसेपर्यंत त्यांनी शेगावच्या पाण्याबद्दल, दुधवाल्याबद्दल आणि हाताकडे बघण्याबद्दल सांगितलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, आता हे घर शांतपणे आणि वेळेवर चालणार.

चाललंही. माइकवाचून घरात इतकं शांत वाटत होतं की, पाहुणे कुजबुजत बोलायचे. चिठ्ठ्या भरून यायच्या, न्याहारी आठाच्या ठोक्याला, कढईत दाणा उरायचा नाही. माझी छाती जरा पुढे आलीच होती.

आणि मग आला वरपक्ष.

डोंबिवलीतल्या एका कुटुंबातल्या मुलीचं लग्न होतं. वराकडची वडील मंडळी साताऱ्याकडची, त्यांची सोय वधूपित्याने आमच्याकडे केली होती. चारही खोल्या त्यांच्याच. त्यात नवरदेवाचे मामा : उंच, भरघोस मिशा, आणि बोलणं कमी. मुहूर्त नेमका काकांच्या नातीच्याच लग्नाचा. मुहूर्तच कमी, त्याला कोण काय करणार?

लग्नाच्या सकाळी मंडळी न्याहारीला बसली. मी पोहे वाढले. एक फेरी झाल्यावर कढई घेऊन मामांपाशी गेले. "अजून पोहे?"

"नको," मामा म्हणाले.

"बरं," मी म्हणाले. पुढच्याला विचारलं. मामांनी नको म्हटल्यावर पुढचा हो म्हणेल कसा? तोही नको. त्याच्या पुढचीही नको. मला वाटलं, किती आटोपशीर माणसं! मी कढई उचलली, टेबल पुसलं. लिहून आलेल्या चिठ्ठ्यांशी हिशेब अगदी जुळला होता. एक बशी, एक बशी, एक बशी.

थोड्या वेळाने मी फाटकाशी कचरा ठेवायला गेले, तर कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीभोवती भरजरी शालू, जरीच्या टोप्या आणि फेटे गोळा झालेले. मधोमध मामा. फेट्याचा शेमला हिरव्या चटणीत जाऊ नये म्हणून एका हाताने धरलेला, दुसऱ्या हातात वडापाव. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलं. मामांनी वडापाव अर्धा तसाच खाली ठेवला आणि रिक्षाला हात केला.

पुढचा फोन हॉलवरून, वधूपित्याचा. "अहो, तुम्ही वरपक्षाला उपाशी ठेवलंत? मामा रुसलेत! खुर्ची फिरवून मांडवाकडे पाठ करून बसलेत. मंगलाष्टकांना नवरदेवामागे मामा उभे राहायला नकोत? मी ठाकुर्लीच्या काकांना नाशिकला फोन लावलाय!"

संपलं, मी म्हटलं. तक्रार नाशिकला पोचली. मुलीच्या कानावर गेली की कुलूप. काकांचं घर, आणि माझा पहिलाच धंदा, एका कढईत बुडाले.

माझा फोन वाजला. काका. मागे सनई, कुणीतरी "अक्षता कुठायत अक्षता" ओरडतंय.

"किती वेळा विचारलंस?"

"एकदा."

माझ्या छोट्या यादीत लिहायचं राहिलेलं काम ते हेच : आग्रह. मग काका म्हणाले, "मी लेकीला अजून सांगितलेलं नाही. पोहे कर. ताजे. डबा घेऊन हॉलवर जा. सगळ्यांच्या देखत विचार. आणि अगं, दम घेत विचार. हॉर्न वाजवू नकोस."

त्यानंतर मी किती भरभर कांदा चिरला ते माझं मला ठाऊक. पोह्यांचा स्टीलचा डबा मांडीवर, गरम, साडी पोळतेय की काय असं वाटत होतं, आणि रिक्षावाला मला प्रत्येक खड्ड्यात "सांभाळून ताई" म्हणत होता. हॉलवर सगळे माझ्याकडे वळून बघत होते. मामा खरंच मांडवाकडे पाठ करून बसले होते. त्यांच्या बाजूला नवरदेवाची आई पदराने वारा घेत उभी होती, वारा कुणाला घालतेय हे तिचं तिलाही कळत नव्हतं.

मी बशी काढली आणि मामांच्या समोरच्या खुर्चीवर ठेवली.

"मामा, पोहे आणलेत."

"नको."

मी श्वास घेतला. डब्याचं झाकण उघडलं. वाफ आली.

"गरम आहेत मामा."

"नको म्हटलं ना. आम्ही आपली गाडीवर वडापाव खाणारी माणसं."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. भटजी घड्याळ बघत होते. मी पुन्हा श्वास घेतला, आणि या वेळी जे तोंडात आलं तेच बोलले.

"सकाळी कढई उचलायची मला घाई झाली. माझ्या घरी माझ्या भावाने एकदा नको म्हटलं असतं, तर मी उचलली असती का? घ्या मामा. मुहूर्त उपाशीपोटी बघू नये."

"नको," मामा म्हणाले.

मी तोंडाकडे पाहिलंच नाही. हात पाहिला. मामांचा हात वर गेला, फेटा सरळ केला आणि तिथेच राहिला, कपाळापाशी. बशीवर काही आला नाही.

मी वाढलं.

मामांनी चार घास खाल्ले. मग म्हणाले, "लिंबू नाही आणलंत?"

वधूपिता स्वतः लिंबू आणायला धावला. मामांनी बशी संपवली, दुसऱ्यांदा घेतली, खुर्ची फिरवली, आणि मंगलाष्टकांना नवरदेवामागे असे उभे राहिले की जणू सकाळपासून तिथेच होते. मी हॉलच्या पायऱ्यांवर बसून काकांना फोन लावला.

"तिसऱ्याला हात कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"फेट्यावर."

"शाब्बास," ते म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांच्याकडेही मंगलाष्टकं चालू असावीत.

सत्यनारायण झाल्यावर मुलगी काकांना स्वतः गाडीने सोडायला आली. भल्या पहाटे निघाले होते, न्याहारीच्या वेळेला पोचले. मी दोघांना टेबलाशी बसवलं. ताईंनी आल्याआल्या गीझर पाहिला, चादरी पाहिल्या, फ्रिज उघडून पाहिला. मला त्या पहिल्याच झटक्यात आवडल्या. आम्ही दोघी एकाच साच्यातल्या.

"मला सगळं कळलंय," ताई म्हणाल्या. माझा हात कढईवरच थांबला. "त्या मामांनी मला फोन केला होता. दारावरच्या पाटीवर बाबांच्या नंबरखाली माझाही आहे ना. लग्नानंतरच्या सोळाव्या दिवशी सुनेच्या माहेरी जेवण आहे, त्यासाठी त्यांना पुन्हा चारही खोल्या पाहिजेत. म्हणजे घर चाललं. बाबा, मी शब्द पाळते. हा विषय बंद."

काका पोहे खात होते. मान वर केली नाही.

"बाबा, येताय का माझ्याकडे? येताय ना? नाही ना येणार?" ताई एका दमात म्हणाल्या आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"नको, नको, नको," काका म्हणाले.

"झालं. संपलं," ताई म्हणाल्या, आणि उठायला लागल्या.

मी काकांकडे बघत होते. घर जिंकलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो. फलाटावर उभा राहून आपल्या गाडीचं नाव पुकारलं जायची वाट बघणारा माणूस असतो ना, तसे ते दिसत होते. आणि ज्या माणसाने घर त्याच्यावाचून चालतं हे सिद्ध करायला मला ठेवलं होतं, त्याला ते सिद्ध झाल्यावर करायला काय उरलं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

सवयीने मी मनात दोन रकाने पाडले. ते राहिले, तर मला इथे वरचेवर काम. ते गेले, तर बिल्डर, कुलूप, आणि मी पुन्हा भिंतीवरच्या घड्याळासमोर. हिशेब अगदी सरळ होता. तरी मी बोलले.

"ताई, बसा. एका दमात विचारलेले तीन म्हणजे एकच. तुमच्या आईचं शास्त्र आहे. अजून दोनदा विचारायचं राहिलंय."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की, जणू मी त्यांच्या पातेल्यावरचं झाकण चोरलंय. ताई उभ्याच राहिल्या. मग हळूच बसल्या, आणि किल्ली टेबलावर ठेवली.

"बाबा, चला माझ्याकडे."

"नको गं. तुम्ही सगळे कामावर जाता. मी काय भिंतींना घोषणा देऊ?"

ताईंनी काकांकडे पाहिलं. श्वास घेतला. पोहे निवत होते.

"पोरगी सासरी गेली बाबा," त्या म्हणाल्या. "घरात कुणी काही बोलतच नाही. चला ना."

"नको," काका म्हणाले.

"हात बघा ताई," मी म्हणाले.

काकांचा हात टेबलाखाली होता, मांडीवर. बशी उघडीच होती. आम्ही तिघांनीही त्या बशीकडे पाहिलं. मग काकांनी ती हळूच पुढे सरकवली.

"बदली," ते म्हणाले, "वाढ."

घराला कुलूप लागलं नाही. ताईंनी बिल्डरला "बघू" म्हटलं, आणि ते बघणं अजून चालू आहे. काका नाशिकला गेले ते रजेवर. कायमचे गेले, असं कुणी म्हटलं तर त्यांना राग येतो. त्यामुळे मी आजही या घरात बदलीच आहे. मधूनमधून येऊरला, बदलापूरला दुसऱ्यांच्याही घरी बदलीला जाते, पण मूळ डेपो हाच. त्या सकाळी गाडीत बसायच्या आधी त्यांनी पिशवीतून माइक काढला, वायर स्वतः जोडली, फुंकून पाहिला आणि माझ्या हातात दिला. "गाडी सोड," म्हणाले. मी घोषणा केली. आवाज जरा कापला, तर फाटकातून ओरडले, "स्पष्ट! नाशिककडे जाणारी, हे स्पष्ट!"

परवा त्यांचा फोन आला होता. शेगावला पाणी वेळेवर पोचतं का, दापोलीत कोण आहे, मामा पुन्हा आले होते का, सगळं विचारून झालं. मी विचारलं, "तिकडे कसं चाललंय काका?"

"चांगलं आहे," ते म्हणाले. "पण इथे पोहे एकदाच विचारतात."

"मग?"

"मग काय? पहिल्यांदाच हो म्हणायला शिकलोय."